कानामागचे पळसाचे पान

पूर्वी वेत्रवती नगरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या आचार्य शांडिलांच्या गुरुकुलात शिकत होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. सगळ्या शिष्यांत तो थोरला, म्हणून गुरुकुलाची शिस्त राखण्याचे काम त्याच्याकडे आले होते.

शिस्त म्हणाल तर तशी शिस्त पंचक्रोशीत दुसरीकडे कुठे नव्हती, आणि गंमत अशी की तिथे वेताची छडी औषधालाही सापडली नसती. आचार्यांना मारझोडीचा मनापासून तिटकारा. त्यांनी वेगळीच रीत घातली होती. ज्याच्या हातून चूक होईल त्याच्या कानामागे पळसाचे पान खोचायचे. मग संध्याकाळी दिवा लागेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचे नाही. त्याने तोंड उघडलेच, तर जवळ असतील त्यांनी मोठमोठ्याने पाठ म्हणायला लागायचे, म्हणजे त्याचा शब्द कुणाच्या कानात शिरायलाच नको. पानवाल्याशी जो बोलेल त्यालाही पान. आणि ज्याला एकदा पान लागले, त्याला त्या गुरुकुलात पुढे कधीही उपाचार्य होता येत नसे. सोमिलला आजवर पान लागलेले नव्हते.

त्या दिवशी गुरुकुलात नुसती धांदल उडाली होती, कारण दुपारी खुद्द राजा येणार होता. अंगणातल्या जुन्या वडाखाली पांढरे छत ताणून बांधले होते. छताखाली होमकुंड, कुंडाला लागून राजाचे आसन. राजा बसला की होम पेटणार, शंख आणि नगारे वाजणार आणि सगळ्यांच्या देखत आचार्य सोमिलच्या खांद्यावर उपाचार्याची शाल घालणार. सोमिलचे पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हते. पुष्कळ विद्या मिळवली म्हणून माणसाचा उतावळेपणा जातोच असे नाही. शाल घेताना डावा खांदा पुढे करावा की उजवा, याचा सरावही त्याने विहिरीमागे जाऊन केला होता.

सकाळचा पाठ रंगात आला असताना रोहक धावत आला. रोहक म्हणजे गुरुकुलातले सगळ्यात चुळबुळे पोर. कानामागे पान नाही असा त्याचा दिवस विरळाच. छताची एक दोरी सैल पडली होती, ती आवळायला त्याला नुकतेच वडावर चढवले होते. तिथून उतरला तो थेट पाठात घुसला.

“आचार्य, वडावर—”

एवढे तो म्हणतो न म्हणतो तोच आचार्यांनी हात वर केला. पाठ मध्येच तोडणे ही तिथे मोठी चूक. सोमिल उठला, पान घेऊन आला आणि आपल्या हाताने त्याने ते रोहकच्या कानामागे खोचले.

“दादा, अरे ऐक तरी, वर—”

सोमिलने शांतपणे डोळे मिटले आणि पाठ म्हणायला सुरुवात केली. बाकीच्यांनी सूर मिसळला. रोहकचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द काही ऐकू येत नव्हता.

मग तो एकेकाला गाठत सुटला. स्वयंपाकघरात गेला, तिथे पीठ मळता मळता पाठ सुरू झाला. गोठ्यात गेला, तिथेही तेच. त्याने हातवारे केले, वर बोट दाखवले, तोंडाने घूं घूं आवाज काढून स्वतःभोवती गिरक्या घेतल्या. मुले गालात हसली आणि आणखी जोरात म्हणू लागली. राजवाड्यावरून पुढे आलेल्या सेवकांपाशी गेला, तर भोवतालच्या पोरांच्या पाठात त्याचा शब्द बुडाला, आणि सेवक मात्र थक्कच झाले. “काय अभ्यास आहे हो पोरांचा,” एक जण म्हणाला, “क्षणभर उसंत नाही.”

शेवटी रोहक हात जोडून सोमिलसमोर येऊन उभा राहिला. सोमिलच्या मनात काहीतरी हलले. पण शाल दुपारी मिळणार होती आणि आत्ता एक शब्द निघाला तर ती कायमची हुकणार होती. असेल नेहमीची काहीतरी मस्करी, असे त्याने स्वतःला समजावले आणि रोहकच्या डोक्यावरून पलीकडे पाहिले.

थोड्या वेळाने अंगणात एकच ओरड झाली. रोहकने दोन घागरी पाणी आणून होमकुंडात ओतले होते आणि रचलेली समिधांची चवड भिजून चिंब झाली होती. आचार्य बाहेर आले. ते कधी रागावत नसत, पण त्यांचा चेहरा उतरला.

“उद्या त्याला घरी पोहोचवा,” ते सोमिलला म्हणाले. “या पोराला शिस्त लागायची नाही.”

सोमिलने ओल्या समिधा काढल्या, कुंड पुसून कोरडे केले आणि नवी चवड रचली. तोवर वेशीपाशी नगारा वाजला. मिरवणूक आत येऊ लागली, शिष्य धावत जाऊन आपापल्या रांगांत बसले. राजा छताखाली आला. पुरोहिताने पेटता पलिता हातात घेतला. शंखवाल्याने गाल फुगवले.

आणि पाहतात तो काय, होमकुंडात रोहक मांडी घालून बसलेला.

समिधांवर, राजासमोर, कानामागे पान. त्याने कुंडाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या. पुरोहित लाल झाला. राजाने भुवई वर केली. आचार्यांनी सोमिलकडे पाहून त्याला उचलण्याची खूण केली.

सोमिल पुढे झाला आणि त्याने रोहकचा दंड धरला. त्याच्या डोळ्यांत मस्करी नव्हती, नुसती भीती होती, आणि तरीही पोर जागचे हलत नव्हते. ज्या कुंडात आता विस्तव पडायचा त्यात कुणी मस्करीसाठी बसत नाही, हे सोमिलला एकदम उमगले. उपाचार्याची शाल ताटात घडी घालून ठेवलेली होती, हाताच्या अंतरावर. त्याने तिच्याकडे एकदा पाहिले आणि तो कुंडापाशी गुडघ्यावर बसला.

“रोहक, काय झालंय?”

आचार्यांनी डोळे मिटून घेतले. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी सवयीने पाठ सुरू केला, पण सोमिलने हात वर केला तसे तेही गप्प झाले.

“दादा,” रोहक हळूच म्हणाला, “छताच्या वर बघ. आग्या मोहोळ बसलंय.”

सोमिलने काठीने छताची कड किंचित उचलली. वडाची आडवी फांदी खालून काळी दिसत होती आणि तो काळेपणा हलत होता. सुपाएवढे मोहोळ, बरोबर राजाच्या डोक्यावर. पांढऱ्या कापडामुळे खालून कुणालाच ते दिसले नव्हते. आता खालून धूर, त्यात शंख आणि नगारे, म्हणजे अंगणातला एकही माणूस धड परतला नसता.

सोमिलने शंखवाल्याच्या तोंडावर हात ठेवला. पलिता मातीत विझवला. राजाच्या कानाशी लागून त्याने दोन शब्द सांगितले आणि रांगांकडे वळून आचार्यांची खूण केली: गप्प, आणि उठा. आता त्या शिस्तीचे चीज झाले. पहिली रांग उठली, मग दुसरी, मग तिसरी. ना कुणी धावले ना कुणी ओरडले. पाचशे पोरे पावलांचा आवाज न करता नदीच्या वाळूकडे चालू लागली आणि त्यांच्यामागून पादुका हातात घेऊन राजाही निघाला. फक्त पुरोहित मागे रेंगाळला. मुहूर्त टळू नये म्हणून निदान कापूर तरी लावावा असे त्याला वाटले. दोन माश्या खाली उतरल्या. तो नदीवर पोहोचला तेव्हा त्याच्या नाकाचे वांगे झाले होते.

वाळूवर सगळे सुखरूप आहेत असे पाहिल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला. काही मुले आनंदाने उड्या मारू लागली. राजाने सोमिलला जवळ बोलावून विचारले, “हे तुला कसं समजलं?”

सोमिल बोलला नाही. काठावरच्या पळसाचे एक पान तोडून त्याने आपल्याच कानामागे खोचलेले होते.

“महाराज, तो बोलणार नाही,” आचार्य पुढे येऊन म्हणाले. “तो माझा नियम पाळतोय. सकाळपासून हे पोर आपल्याला वाचवायला धडपडत होतं आणि आम्ही त्याच्या तोंडावर पाठ म्हणत होतो.” ते रोहकसमोर वाळूत बसले. “बाळ, सकाळी तुला काय सांगायचं होतं?”

“आता काय उपयोग, आचार्य?”

“तरी सांग.”

मग रोहकने पहिल्यापासून सगळे सांगितले, दोरी कशी आवळली इथपासून, घूं घूं सकट. सांगता सांगता त्याला रडू फुटले. आचार्यांनी मध्ये एकदाही हात वर केला नाही. नंतर त्यांनी सोमिलच्या कानामागचे पान काढले आणि शाल आणायला सांगितली.

“नको, आचार्य,” सोमिल म्हणाला. “पाठ तोडला ही त्याची चूक होती. का धावत आलास, एवढंही न विचारता मी पान खोचलं, ही माझी. पान लागलेल्याला शाल नाही, हा नियम माझ्यासाठी मोडू नका. मोडायचाच तर दुसरा मोडा.”

ती शाल अग्निल नावाच्या दुसऱ्या शिष्याच्या खांद्यावर गेली. सोमिलला त्याचे काहीच वाटले नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. वाटले, आणि तरीही त्या संध्याकाळी तो रोहकबरोबर हसत जेवला.

पानाची रीत राहिली, अबोला मात्र गेला. ज्याच्या कानामागे पान दिसेल त्याला जो भेटेल त्याने थांबवून “काय झालं?” असे विचारायचे आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, असे ठरले. दुसऱ्याच दिवशी रोहकला पान लागले. दिवा लागेपर्यंत प्रत्येकाला आपली चूक सांगून सांगून त्याचा घसा बसला. यापेक्षा अबोला बरा होता, असे तो म्हणाला म्हणतात.

एवढी गोष्ट सांगून भगवान शास्ते विहाराच्या अंगणात बसलेल्या भिक्षूंना म्हणाले, “तेव्हाचे आचार्य शांडिल म्हणजे आज संघाची शिस्त पाहणारे स्थविर भद्रिल. राजा सुषेण म्हणजे आपल्याला हे अंगण देणारा उपासक. नाकाचं वांगं झालेला पुरोहित कोण, ते तो स्वतःच ओळखून आहे. सोमिल मीच होतो. आणि रोहक म्हणजे तो खांबाआड बसलेला तरुण भिक्षू नंदिल, ज्याच्याशी आज सकाळपासून तुमच्यापैकी कुणीही बोललेलं नाही. हातची शाल जात असताना दुसऱ्याचं ऐकून घेतलं, त्याला करुणा म्हणतात.”

स्थविर भद्रिल उठले. ते खांबापाशी गेले आणि नंदिलच्या शेजारी जमिनीवर बसले.

“आयुष्मान,” त्यांनी विचारले, “सकाळी काय झालं होतं?”