पाच मिनिटांत काय होतं?

सहामाहीचा इतिहास-भूगोलाचा पेपर होता. नववीतली अनसूया व्हरांड्यात भिंतीला टेकून पुस्तकाची पानं भराभर उलटत होती. सनावळ्या केव्हाच डोक्यातून पळाल्या होत्या आणि गोदावरीच्या उपनद्या कृष्णेला जाऊन मिळत होत्या.

एवढ्यात मुख्याध्यापक धारूरकर सर आले. सगळी शाळा त्यांना वचकून असे. त्यांनी तिच्या हातातलं पुस्तकच काढून घेतलं.

"इतके दिवस झोपा काढल्यास आणि आता काय दिवे लावणार? पाच मिनिटांत काही होत नसतं!"

अनसूयेचे डोळे भरून आले, पण तोंडून निघून गेलंच, "मग सर, गेल्या आठवड्यात मला पाचच मिनिटं उशीर झाला, तर तुम्ही अख्खा तास वर्गाबाहेर का उभं केलंत?"

आता आपलं काही खरं नाही, म्हणून तिने डोळेच मिटून घेतले.

सरांच्या मिशीखाली हसू फुटलं. त्यांनी पुस्तक तिला परत दिलं आणि घंटेकडे निघालेल्या शिपायाला हाक मारली, "दगडूमामा, पाच मिनिटं थांबा. बघू या, काय होतं ते!"