रिकामा झालेला रविवार

कुसुमपूर नावाच्या शहरात लोकांच्या पैशावर चालणारे एक दूरचित्रवाणी केंद्र होते. तिथे कोणते कार्यक्रम दाखवायचे, हे यशोदाबाई आजरेकर ठरवत.

एकदा दौलत गुंजाळ नावाचा तरुण निर्माता त्यांच्याकडे आला. कुंभार, लोहार, बुरूड, विणकर अशा कारागिरांची स्पर्धा त्याला दाखवायची होती. सगळीकडे त्याला एकच ऐकावे लागले होते, "मडकं घडताना कोण बघत बसणार?" यशोदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला रविवारची सकाळ दिली.

तीन वर्षांत त्याचा 'हातखंडा' हा कार्यक्रम घराघरांत पोहोचला. तो लागला की न्हाव्याच्या दुकानातसुद्धा कात्री थांबायची.

मग नानासाहेब हुद्दार यांनी आपल्या खासगी वाहिनीसाठी दौलतला कितीतरी पट मोबदला देऊ केला. दौलत खाली मान घालून यशोदाबाईंसमोर उभा राहिला.

"बाई, तुम्ही तेवढं दिलंत तर मी इथेच राहीन."

सहकाऱ्यांनी मार्ग सुचवला, "बहिऱ्यांसाठीच्या बातम्या आणि डोंगरी बोलीतला कार्यक्रम बंद करू. मोजकेच लोक बघतात. त्या पैशांत दौलतचं भागेल."

'हातखंडा' यशोदाबाईंचाही जीव की प्राण होता. तरी त्या म्हणाल्या, "'हातखंडा' तिकडे गेला तरी लोकांना दिसेल. हे दोन बंद केले, तर त्या माणसांनी कुठे जायचं?" मग दौलतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जा बाबा. काम मात्र असंच नीट कर."

दौलत गेला. लोक चिडले. पत्रांचा ढीग पडला. 'एक कार्यक्रम सांभाळता येत नाही, तर केंद्राला कुलूप लावा,' असेही कुणी लिहिले. यशोदाबाईंनी प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर दिले. एकाही उत्तरात दौलतला बोल लावला नाही.

डोंगरी बोलीतल्या कार्यक्रमात सगुणा पाडवी नावाची सुईण यायची. पुरातून नदी ओलांडून केलेल्या बाळंतपणाची हकिगत ती अशी सांगायची, की कॅमेरामन डोळे पुसायचा. यशोदाबाईंनी तिला विचारले, "रविवारी सगळ्या शहराला सांगशील?"

"माझी बोली शहराला कळंल का?"

"खाली मराठीत लिहू. तू तुझ्याच बोलीत बोल."

पहिल्या रविवारी फारसे कुणी पाहिले नाही. दुसऱ्याही नाही. सहकारी कुजबुजू लागले. यशोदाबाई हटल्या नाहीत. पावसाळा सरेपर्यंत मात्र भाजी घेता घेता बायका सगुणाच्या हकिगती एकमेकींना सांगू लागल्या. पुरुषही कान देऊन ऐकू लागले.

वर्षभराने नानासाहेब स्वतः केंद्रात आले. सगुणालाही न्यायचा विचार आहे, हे त्यांनी लपवले नाही. मग कुतूहलाने म्हणाले, "बाई, आम्ही नेतो आणि तुम्ही पुन्हा नवं उभं करता. हे जमतं कसं?"

यशोदाबाई म्हणाल्या, "तुम्ही विचारता, किती लोक बघतील? आम्ही विचारतो, कुणाचं अजून कुणीच ऐकलं नाही?"

नानासाहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी वाकून बाईंना नमस्कार केला.

तात्पर्य: गाजलेले कोणीही विकत घेऊ शकतो, न ऐकलेल्याला पहिली संधी देणारा खरा मोठा.