भोळा गेनू आणि तालमीची किल्ली

बोरजाईवाडी नावाच्या गावात एकशे बारा किलो वजनाचा एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव गेनू. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे, आणि गावाची खरी अडचण तीच होती.

गावात एक तालीम होती आणि तालमीत आकारामतात्या होते. तात्या तरुणपणी मुंबईला गोदीत कामाला होते. तिथं ते किकबॉक्सिंग शिकले आणि वजनदार गटात राज्यात पहिले आले. त्या काळी किकबॉक्सर म्हणजे उभा माणूस. उभ्यानं मारायचं, उभ्यानं खायचं, आणि पडलाच तर कुणीतरी उचलून नेईपर्यंत पडून राहायचं. गावी परतल्यावर तात्यांनी तालमीच्या आढ्याला वाळूचं पोतं टांगलं. त्याला चाळीस वर्षं झाली. पोतं अजून तेच होतं, ठिगळं तेवढी नवी होती.

मग पुण्याहून निनाद सर आले. त्यांच्या खेळात ठोसे होते, लाथा होत्या, कुस्ती होती, आणि एवढ्यानं भागलं नाही तर समोरच्याच्या छाताडावर बसून त्याचा हात पिळायचीही सोय होती. सरांना गाद्या अंथरायला तालीमच हवी होती.

झालं, पारावर रोज वाद सुरू झाला.

"तात्यांच्या वेळचा गडी उभा केला, तर ही आत्ताची पोरं एका लाथेत शिवेपार जातील."

"लाथ मारायला पाय मोकळा पायजे की. ही पोरं आधी पायच धरत्यात."

"धरू देत. दुसरा पाय हाय की."

जुना आता सत्तरीचा आणि नवा पंचविशीचा. दोघांची गाठ पडणं शक्य नव्हतं, त्यामुळे वादालाही मरण नव्हतं. शेवटी सरपंच शालनताई वैतागल्या.

"तालीम एक आणि उस्ताद दोन. जत्रंत सामना लावा. तात्यांचा एक गडी, सरांचा एक गडी. ज्याचा जिंकंल त्याला तालमीची किल्ली. पुन्यांदा माझ्या दारात भांडण आणायचं न्हाई."

सरांकडे विराज होता. एकशे आठ किलोंचा, कोंबडीसुद्धा तोलून खाणारा. त्याच्या वजनाचा गडी शोधायला तात्यांनी सगळं गाव पालथं घातलं. परत येऊन त्यांनी गेनूकडे पाहिलं आणि त्याला तालमीत बोलावलं.

तात्या चारचौघांत हसत होते, पण आतून घाबरले होते. तालीम गेली तर सकाळी उठून जायचं कुठं, हे त्यांना कळत नव्हतं.

"गेनू," ते म्हणाले, "माझी लाज आता तुझ्या हातात हाय."

गेनूनं दोन्ही हात उघडून पाहिले.

"तसं न्हवं रं," तात्या म्हणाले. "नीट ऐक. समोरच्यानं हात पुढं केला रं केला, की त्याच्या आधी आपला पाय पोचला पायजे. जुन्या लोकांचं सगळं गुपित ह्यातच हाय."

"हात पुढं आला की पाय," गेनू म्हणाला. वाटभर तो तेच घोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोरजाईच्या देवळात गेला. गुरवानं तीर्थाची पळी धरून हात पुढं केला. गेनूचा पाय आधी पोचला. पळी घंटेला लागली, तीर्थ आढ्याला लागलं आणि गुरव दीपमाळेपर्यंत गेले. बाहेरच्या बायका नमस्कार करत होत्या. घंटा आपोआप वाजली म्हणून त्यांनी आणखी एकदा केला.

गुरव लंगडत तालमीत आले. त्यांचं सगळं ऐकून तात्यांनी कपाळ धरलं.

"अरं, असा हात पुढं आला तर वाकायचं. आपले दोन्ही हात पुढं करायचे. मिळंल ते घ्यायचं आणि कपाळाला लावायचं."

"चुकलं माझं," गेनू म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलंही. संध्याकाळी सराव सुरू झाला. तात्यांनी स्वतः हातमोजे घातले, कारण दुसरं कुणी गेनूसमोर उभं राहायला तयार नव्हतं. तात्यांनी ठोसा मारला. गेनू भक्तिभावानं वाकला. त्यानं दोन्ही हातांनी ठोसा घेतला आणि जोरात कपाळाला लावला. गेनूच्या कपाळाला काही झालं नाही. तात्यांचं मनगट मात्र रात्रीपर्यंत लिंबाएवढं सुजलं.

"मिळालं ते घेतलं की, तात्या."

"ठोसा घ्यायचा नसतो रं," तात्या हळद लावता लावता म्हणाले. आता त्यांचा आवाजही दुखत होता. "काहीबी अंगावर आलं की बाजूला सरकायचं. अंगाला लागू द्यायचं न्हाई. इकडून आलं, तिकडं सरक. तिकडून आलं, इकडं सरक."

"बरं."

दुसऱ्या दिवशी जत्रेसाठी कलिंगडांची ट्रॉली आली. माणसं ओळीनं उभी राहिली आणि या हातातून त्या हातात कलिंगडं जाऊ लागली. गेनू दिसल्यावर सगळ्यांना आनंद झाला. एवढा दांडगा गडी मदतीला आला म्हणून त्याला ओळीच्या शेवटी उभं केलं. पहिलं कलिंगड आलं. गेनू डावीकडे सरकला. दुसरं आलं. गेनू उजवीकडे सरकला. तो इतका चपळ सरकत होता की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. कलिंगडवाला ट्रॉलीच्या पलीकडे होता, म्हणून त्याला ते कौतुक बावीस कलिंगडं फुटल्यावर कळलं.

"एकबी लागलं न्हाई, तात्या," गेनूनं अभिमानानं सांगितलं.

"अरे माझ्या देवा," तात्या म्हणाले. "कलिंगड चुकवत्यात का? आलेली वस्तू छातीशी घट्ट धरायची. खाली पडू द्यायची न्हाई. काय वाट्टेल ते होवो, खाली पडू द्यायची न्हाई."

"छातीशी धरायचं. पडू द्यायचं न्हाई," गेनू म्हणाला.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो पंचायतीवरून चालला होता. शालनताईंची चार वर्षांची नात ईश्वरी पळत पळत आली आणि त्याच्या पायांवर आदळली. गेनूनं तिला उचललं, छातीशी धरलं आणि तिथंच उभा राहिला. पोरगी आधी हसली. मग तिला खाली उतरावंसं वाटलं. गेनू सोडेना. मग तिनं असं भोकाड पसरलं की पंचायतीची बैठक मोडली. शालनताई धावत बाहेर आल्या.

"गेनू, सोड तिला."

"खाली पडंल की, ताई."

"अरं, रडतीया ती. रडणाऱ्याला नुसतं धरून ठेवत्यात व्हय? पाठीवर हळूहळू थोपटायचं. गप झालं की अलगद खाली ठेवायचं. एवढंबी कुणी शिकवलं न्हाई तुला?"

गेनूनं थोपटलं. पोरगी खरंच गप्प झाली. त्यानं तिला अलगद खाली ठेवलं आणि ती नाक पुसून पळून गेली. गेनूला इतका आनंद झाला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभरात शिकलेलं काहीतरी पहिल्यांदाच जिथल्या तिथं जमलं होतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी शाळेच्या मैदानावर निनाद सरांच्या गाद्या अंथरल्या. पंच म्हणून सांगलीहून वाळवेकर नावाचे गृहस्थ आले होते. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, आणि हातात नियमांची वही. सगळं गाव जमलं. पारावरचे जुने एका बाजूला बसले, नवे दुसऱ्या बाजूला.

तात्यांनी गेनूच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजवर जे शिकलास ते सगळं ध्यानात ठेव. आणि आता कुणाचं काहीबी ऐकायचं न्हाई."

गेनूनं लगेच दोन्ही कानांवर हात दाबले.

त्याच वेळी पंच कर्ण्यावरून नियम वाचत होते. "समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर हाताचा पंजा तीनदा थोपटला, की खेळाडूनं हार मानली असं धरलं जाईल. मग त्यावर तक्रार चालणार नाही. नियम म्हणजे नियम."

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," तात्या शेजाऱ्याला म्हणाले. "हरला त्यो आडवा असायचा. त्याला विचारावं लागत नव्हतं."

शिट्टी झाली. विराजनं ठोसा मारला. गेनू डावीकडे सरकला. दुसरा मारला. गेनू उजवीकडे सरकला. बावीस कलिंगडांचा सराव होता, तो काही वाया गेला नव्हता. जुने उठून उभे राहिले. तात्यांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

मग विराजनं नव्या पद्धतीनं मुसंडी मारली. गेनूची कंबर धरून त्याला आडवा करायचा त्याचा बेत होता. गेनूला दिसलं की काहीतरी गोल आणि जड अंगावर येतंय. त्यानं विराजला वरच्या वर उचललं आणि छातीशी घट्ट धरलं.

आता नव्या खेळाची पंचाईत झाली. लोळवायला जमीन लागते, आणि जमीन दीड हात खाली राहिली होती. विराजचे दोन्ही हात गेनूच्या मिठीत अडकले होते, त्यामुळे हार मानायचीही सोय नव्हती. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. सर ओरडत होते, "पाय अडकव, पाय." विराज ते पाय हवेत शोधत होता.

"सोडू नगं, गेनू," तात्या खुर्चीवर चढून म्हणाले. "अजून थोडं धर. जिंकलो आपण."

विराजच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्या तोंडून मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज निघाला.

गेनूनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या मनाला फार वाईट वाटलं. त्यानं एका हातानं विराजला सावरलं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीवर हळूच थोपटलं. एकदा. दोनदा. तीनदा. विराज गप्प झाला तसं त्यानं त्याला अलगद खाली ठेवलं.

शिट्टी वाजली.

"गेनूनं हार मानली," पंच म्हणाले. "विजयी, विराज." विराजला उठता येईना, म्हणून पंचांनी आडव्या विराजचाच हात वर केला.

शालनताईंनी कमरेची किल्ली काढली आणि त्या सरांकडे निघाल्या. तात्या खुर्चीवरून उतरले, कसेबसे गादीपर्यंत आले आणि मधोमध मटकन बसले.

"तात्या, रडत होता बघा," गेनू आनंदानं म्हणाला. "म्या गप केला त्याला."

तात्यांनी तोंडावर टॉवेल धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. चाळीस वर्षांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि गेनूला तर ते बघवेना. तो त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसला. त्यानं तात्यांच्या पाठीवर हळूच थोपटलं. एकदा. दोनदा. तीनदा.

शिट्टी वाजली.

"गेनूनं पुन्हा हार मानली," पंच म्हणाले आणि त्यांनी टॉवेलसकट तात्यांचा हात वर केला. "विजयी, आकारामतात्या. नियम म्हणजे नियम."

शालनताई किल्ली घेऊन दोघांच्या मध्ये थांबल्या. एकदा सरांकडे बघितलं, एकदा तात्यांकडे बघितलं, आणि किल्ली परत कमरेला खोचली. जुने म्हणाले, जुनाच भारी. नवे म्हणाले, नवाच भारी. वाद तिथंच, गादीवरच पुन्हा सुरू झाला.

तात्यांनी टॉवेल खाली घेतला. गेनू बोटं मोजत बसला होता.

"सर बी जिंकले," तो म्हणाला. "तात्या, तुमी बी जिंकला. मग हरलं कोण?"