नंदीच्या कानातले मागणे

कोळेश्वराच्या देवळात नंदीच्या कानात मागणे सांगण्याचा प्रघात आहे. कुणी वाकले की मल्लाप्पा गुरव घंटा वाजवतात, म्हणजे शब्द दुसऱ्या माणसाच्या कानी पडत नाही. चाळीस वर्षांचे त्यांचे हे व्रत.

एका सोमवारी एका बड्या कंपनीचे पानसेसाहेब आले. गळक्या सभामंडपाला नवे छप्पर देतो म्हणाले; अट एकच, प्रत्येक भक्ताने टॅबलेटवर नाव, मोबाइल नंबर आणि मागणे नोंदवायचे. "मूल हवे त्याला दवाखाना सुचवू, लग्न जमले त्याला दागिने. ही सेवाच की!" विश्वस्त नंदीबैलासारख्या माना डोलावत होते.

टॅबलेट लगेच नंदीपाशी मांडला गेला. रांगेत पहिली होती शेवंता. लग्नाला नऊ वर्षे होऊनही तिची कूस उजवली नव्हती. मागण्याच्या रकान्यापाशी तिचे बोट थांबले. "गुरवकाका, हेही लिहायचे?"

मल्लाप्पा पुढे आले. "साहेब, लेकीला एवढे नका विचारू."

"अहो गुरव, देवाला सांगते, मग आम्हाला सांगायला काय हरकत? लपवण्यासारखे आहेच काय त्यात?"

मल्लाप्पांनी हात जोडले. "सकाळी आपणही नंदीपाशी वाकलात. देवळात माझ्यावाचून कुणी नव्हते आणि मी घंटा वाजवत होतो. तरीही आपण तोंडावर तळहात आडवा धरलात. लपवण्यासारखे काही नव्हते, तर तो हात कशासाठी होता, साहेब?"

विश्वस्तांच्या माना थांबल्या. पानसेसाहेबांनी खाली पाहत टॅबलेट उचलला.

शेवंता नंदीच्या कानाशी वाकली आणि मल्लाप्पांनी घंटेची दोरी ओढली.