चारूच्या झोपाळ्याखालची जागा

नाशिकच्या एका बंगल्यांच्या कॉलनीत दादासाहेब गाडेकर अध्यक्ष होते. त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. बागांच्या स्पर्धेसाठी त्यांनी घरोघरी माळी पाठवले. मेंदीची कुंपणं एका उंचीत छाटली गेली, लॉन कापून झालं. इंदुमती धारपांच्या अंगणात मात्र झोपाळ्याखाली उघड्या मातीचा पट्टा होता. त्यांची लहानगी लेक चारू तिथे पाय घासत झोके घ्यायची. गेल्या वर्षी ती तापाने गेली, पण त्या मातीत अजून गवत आलं नव्हतं.

"वहिनी, हे टक्कल शोभत नाही. उद्या तयार लॉन आणून बसवतो," दादासाहेब म्हणाले.

"राहू द्या ना तेवढं."

"नियम सगळ्यांना सारखा. मी परवानगी विचारत नाहीये."

इंदुमतीबाईंनी झोपाळ्याची कडी धरली. मग म्हणाल्या, "बसवा. पण मला नाही आवडलं, तर जागा होती तशी करून द्याल?"

दादासाहेब हसले. "एवढंच ना? या सगळ्या माळ्यांसमोर शब्द दिला. दोन माणसं तासाभरात खरवडून देतील."

"माणसं नकोत. जिच्या पायांनी ती जागा झाली, तिलाच आणून द्या."

माळ्यांच्या कात्र्या थांबल्या.  मान खाली घालून दादासाहेब फाटकाबाहेर पडले आणि लॉनचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मात्र त्या मातीत गवत आपणहून उगवलं. दादासाहेबांना पकडलं तसं त्याला शब्दात पकडता येईना. इंदुमतीबाई त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिल्या, आणि न उपटताच उठल्या.