गाडीनं पीं म्हणायला पाहिजे

एका गावात दोन भाऊ राहायचे. त्यातला धाकटा गेनू फार भोळा. सांगाल तेवढं करायचा आणि सांगाल तसंच करायचा.

आईबाप नव्हते. थोरल्या तुळशीदादाचं लग्न ठरलं, तेव्हा मुलीचा बाप भागोजीराव म्हणाला, "पोरगा चांगला आहे. पण यांना गणगोत आहे का कोणी? भरलं वऱ्हाड दिसलं तर मुलगी देईन. नाहीतर अंतरपाट धरायचाच नाही."

दादानं मामा, आत्या, चुलते, सगळ्यांचे पाय धरले. सगळे कबूल झाले. राहिली दादाची गाडी. तिचे टायर पार गुळगुळीत. टायरवाल्या रज्जाकभाईंकडे बर्फाच्या मुलखातून आलेली जुनी चाकं होती.

दादा म्हणाला, "गेनू, बर्फातली चाकं आहेत. सांभाळून आण."

गेनूनं चाकं भुशात घातली, वर ओलं पोतं गुंडाळलं आणि हातगाडी उन्हातून पळवत आणली.

"दादा, एक थेंब गळू दिला नाही!"

दादानं कपाळाला हात लावला. चाकं बसवली. गाडी चालू केली, तर पुढ्यात पिवळा दिवा पेटला.

"हा दिवा विझायला पाहिजे रे," दादा म्हणाला.

गेनूनं फुंकर मारली. विझेना. मग तांब्याभर पाणी ओतलं. दादा भिजला, दिवा तसाच.

रज्जाकभाई आले. म्हणाले, "चाकात हवेवर नजर ठेवणारा सेन्सर असतो. हे सेन्सर दुसऱ्या कंपनीचे. तुमच्या गाडीशी जुळत नाहीत."

जुळत नाहीत म्हटल्यावर गेनू तडक गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, दोघांचं जुळत नाही."

"गोत्र एक आहे का?"

"छे! एक इथलं, एक पार बर्फातलं."

"मग खुशाल जुळतंय. उडवा बार."

गेनू नाचत घरी आला. "दादा, जुळलं! आता हळद कधी लावायची?"

"अरे, लग्न माझं आहे, चाकांचं नाही!"

शेवटी रज्जाकभाईंनी गाडीच्याच कंपनीचे सेन्सर चाकांत घातले. म्हणाले, "आता गाडीला चाकांची ओळख करून द्या."

गेनू पुढं झाला. "गाडीबाई, हे उजवं चाक. स्वभावानं गरीब आहे. हे डावं. जरा तापट आहे."

"तोंडानं नव्हे रे," रज्जाकभाई हसले. "थोडी हवा सोडायची. गाडी पीं म्हणाली, की ओळख पटली. नाही म्हणाली, तर परकं समजायचं." त्यांनी गाडीतलं ओळखीचं बटण दाबलं आणि हवा सोडली. गाडी पीं म्हणाली. दिवा विझला. मग त्यांनी हवा भरून दिली.

गेनूनं हे नीट ध्यानात ठेवलं.

लग्नाच्या दिवशी दारात गाड्यांची रांग लागली. दादा मुंडावळ्या बांधता बांधता म्हणाला, "गेनू, आलेल्या सगळ्यांची नीट ओळख करून घे. परका कोणी वऱ्हाडात नको."

"एवढंच ना?"

पाहुणे अंगणात पोहे खात होते. गेनू एकेका चाकापाशी बसला. फुस्स. कान देऊन ऐकलं. पुढचं चाक. फुस्स.

मामानं ओट्यावरून विचारलं, "काय करतोस रे गेन्या?"

"ओळख करून घेतोय, मामा."

"घे बाबा, घे. तुम्हाला आमच्याशिवाय आहे कोण!"

मुहूर्त जवळ आला. दादानं गेनूला शेजारी बसवून गाडी काढली. आरशात बघितलं. मागं कोणी दिसेना. येतील, असं त्याला वाटलं.

मांडवाच्या दारात दादाला ओवाळलं. मग भागोजीराव पुढं आले.

"जावईबापू, वऱ्हाड कुठंय?"

"मागून येतंय."

"नाही येत," गेनू म्हणाला. "मी सगळ्यांची हवा सोडून बघितली. एकही पीं म्हणाला नाही. आमचं कोणी नाही."

भागोजीरावांचा चेहरा लाल झाला. दादानं मान खाली घातली.

गेनूला त्यांची दया आली. त्यानं भागोजीरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका, काका. तुम्ही दादाला ओवाळत होता ना, तेवढ्यात मी तुमच्याही सगळ्या गाड्या बघून आलो. तुमचंसुद्धा कोणी नाही."