काशीला सोडलेलं

“आणि गयेला काय सोडलंस?”

“सीताफळ.”

“रामेश्वरला?”

“केळं.”

भिकूमाय खुदकन हसली. “केळीच्या मुलखात राहून केळं सोडलंस. हिंमत आहे रे तुझी, अंबादास.”

अंबादासनानांना बरं वाटलं. आल्यापासून ते याच वाक्याची वाट बघत होते.

पिंपळकोठ्याच्या खालच्या अंगाला तापी जिथं वळण घेते, तिथं मायची झोपडी होती. तिला कुणी गुरू म्हणून गादीवर बसवलं नव्हतं, की तिनं कधी कुणाचा कान फुंकला नव्हता. पण पंचक्रोशीत बांधाचं भांडण असो की नवरा-बायकोचं, माणसं तिच्या अंगणात येऊन बसत, आणि बहुधा आली त्यापेक्षा गप्प होऊन परत जात.

नाना मात्र तिथं ज्ञानासाठी येत. निदान त्यांची तशी समजूत होती. यात्रेहून परतले की प्रसाद घेऊन यायचे, पायांवर डोकं ठेवायचे आणि तासभर आपलंच सांगून उठायचे. याला आता तीस वर्षं होत आली.

आज माय अंगणात वांगी भाजत होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, आणि त्यावर भरताची ती हिरवी, पोट सुटलेली वांगी. हिवाळ्यात खान्देशातल्या माणसाला या वासापासून लांब बसवायचं म्हणजे वासरू गाईपासून लांब बांधायचं. नाना वाऱ्याची दिशा बघूनच बसले होते.

वांगं त्यांनी काशीला सोडलं होतं.

रीतच आहे ती. काशीला गेलं की गंगेत उभं राहून आवडीची एक वस्तू सोडायची, पुन्हा जन्मात तोंडाला लावायची नाही. लोक काय, देवालाही गंडवतात. कुणी कारलं सोडतं, कुणी शेपू. नानांच्या बरोबरच्या एका गृहस्थानं तर साखर सोडली होती, आणि ती त्याला डॉक्टरनं आधीच बंद केलेली होती. नाना तसले नव्हते. जीव ज्याच्यावर आहे तेच सोडायचं, हा त्यांचा बाणा. काशीला वांगं, गयेला सीताफळ, रामेश्वरला केळं, द्वारकेला पान आणि बद्रीनारायणाला चहा. गावात लग्नकार्यात त्यांना पहिला पाट मिळायचा तो यासाठीच.

“चहा तो बद्रीला,” माय म्हणाली. “एवढ्या थंडीत.”

“थंडीत सोडला तरच सोडला म्हणायचं.”

“हं.” मायनं बोटांनीच एक वांगं उलटं केलं. “एवढी गावं हिंडलास. सगळ्यांत कुठलं आवडलं?”

नानांना विचार करावा लागला नाही.

“बद्री. माय, तुला काय सांगू. बाहेर बर्फ, आणि कुंडातून नुसत्या वाफा. अंगावर पहिला तांब्या घेतला की नाव-गाव काही आठवत नाही. आणि रामेश्वरचा समुद्र. लाट नाही, आवाज नाही, ताटात पाणी ओतून ठेवावं तसा. अजून डोळे मिटले की दिसतो...”

नानांनी खरंच डोळे मिटले.

“हे घरी सांगितलंस?”

“सांगतो की. दर खेपेला सांगतो.”

“मग गिरजा काय म्हणते?”

नाना हसले. “तिचं काय घेऊन बसलीस. मी देवाचं सांगतो आणि ती विचारते, तिथं जेवायला काय होतं? रामेश्वरहून आलो, पायसुद्धा धुतले नव्हते, तर हेच. बद्रीहून आलो, तरी हेच. बाईचा जीव चुलीपुढं जात नाही, माय.”

भिकूमाय बाईच होती, आणि चुलीपुढंच बसली होती.

नानांच्या ते जरा उशिरा लक्षात आलं. त्यांनी घसा साफ केला, खिशातून कागदाची घडी काढली आणि मुद्द्यावर आले.

“काशीची दोन तिकिटं काढलीत. दोन्ही खालचे बर्थ. बावीस तारखेला निघायचं.”

“दोन?”

“गिरजाला नेतोय.”

माय आत्ता कुठं त्यांच्याकडे नीट बघायला लागली.

“फार राहून गेलं ते,” नाना म्हणाले. “आधी आई अंथरुणाला खिळलेली. मग दारात म्हैस, मग लेकीची बाळंतपणं. दरवेळी म्हणायचो, पुढच्या खेपेला तू. ती दशम्या बांधून द्यायची, फाट्यापर्यंत पिशवी धरून यायची, आणि मी बसच्या खिडकीतून म्हणायचो, पुढच्या खेपेला तू... आता तिच्या छातीत पाणी होतंय. डॉक्टर म्हणाले, काय दाखवायचं ते या हिवाळ्यात दाखवा. पुढल्याचं मी बोलत नाही.”

शेवटचं वाक्य त्यांना दोन दमांत म्हणावं लागलं.

“मग ने की,” माय म्हणाली.

“ती येत नाही म्हणते.”

मायनं जाळात आणखी दोन काड्या सारल्या.

“म्हणून आलो. तू सांग तिला. माझं ऐकणार नाही, पण तुझा शब्द ती मोडायची नाही. घाटाच्या पायरीवर तिला बसवायचंय, माय. गंगा दाखवायचीय. रोज तेच डोळ्यापुढं येतं. कुठल्या घाटावर उतरायचं, कुठं सावली असते, सगळं ठरवून ठेवलंय मी.”

“ती काय म्हणाली? तिच्या तोंडचं सांग. तुझ्या तोंडचं नको.”

नानांनी आठवलं. “म्हणाली, काशीला गेलं की काहीतरी सोडावं लागतं. माझ्याकडं सोडायला काही उरलं नाही.”

“मग तुला काय वाटलं?”

“मला? वाटलं, हिला वैराग्य आलं. मी एवढी क्षेत्रं केली, तरी मला अजून पुढची खेप दिसते, आणि ही घरात बसून पोचली. खोटं कशाला सांगू, थोडा हेवाच वाटला.”

मायनं जाळातलं एक वांगं बाहेर ओढलं. साल काळी होऊन फाटली होती.

“चहा तू सोडलास. गिरजा किती वेळा घेते?”

“ती नाही घेत.”

“तिलाही बद्रीनारायण पावला?”

“तसं नाही. एकटीसाठी आधण काय ठेवायचं, म्हणाली.”

“आणि घरात वांगं कधी शिजलं होतं?”

“वांगं? मी सोडलेलं घरात कसं शिजेल...”

नाना थांबले.

माय थांबली नाही. ती वांग्याची साल काढत राहिली, चटके बसत होते तरी.

नानांना मावंदं आठवलं. काशीहून आल्यावरचं गावजेवण. दोनशे माणूस, वरण-बट्टी, आणि अर्थात घोटलेली वांग्याची भाजी. तिच्याशिवाय पंगत उठलीच नसती. भल्या सकाळपासून ते पातेलं गिरजाच घोटत होती. नाना गंगेच्या लोटीशेजारी पाटावर बसले होते आणि लोक वाकून जात होते. शेवटची पंगत बायकांची. वाढप्या बादली घेऊन गिरजापुढं आला. “वहिनी, भाजी?”

गिरजानं ताटावर आडवा हात धरला. “नको. यांनी सोडलंय.”

नानांनी ते ऐकलं होतं.

ऐकलं नसतं तर निदान म्हणता तरी आलं असतं. पण ऐकलं होतं, आणि त्यांची छाती फुगली होती. वाढप्याला ते म्हणालेही होते, “बघ. याला म्हणतात संसार.”

तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. माहेर वांग्याच्या मळ्यातलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती रोज भरीत करायची, सासूनं नाकं मुरडली तरी करायची, आणि भाकरीनं काठवट पुसून खायची.

“एकोणतीस वर्षं झाली,” नाना म्हणाले. कुणाला म्हणाले, ते त्यांनाही कळलं नाही.

“गयेला सीताफळ,” माय म्हणाली. “रामेश्वरला...”

“पुरे, माय.”

काड्यांचा जाळ खाली बसला होता. नदीकडून कुणीतरी म्हशींना हाकारत होतं.

“जेवायला काय होतं, असं विचारायची,” नाना हळू म्हणाले. “मला वाटायचं, हिला खाण्याचं पडलंय. ती विचारायची ती... या खेपेला काय सुटलं, ते कळावं म्हणून.”

मायनं दुसरं वांगं सोलायला घेतलं.

“मी तिला सोड म्हणालो नव्हतो, माय. एकदाही नाही.”

“नाही.”

“शपथेवर सांगतो.”

“शपथ कशाला? मला पटलं. खा असंही म्हणाला नव्हतास.”

नानांनी तिकिटांची घडी उलगडली, परत घातली. पुन्हा उलगडली.

“तुला एकट्याला बोल नाही लावत,” माय म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा उतरला होता. “तीस वर्षं तुझ्या हातचा पेढा मी खाल्ला. बद्रीचं ऐकलं, द्वारकेचं ऐकलं. ती कशी आहे, एवढं एक विचारायचं मलाही सुचलं नाही. आज विचारलं, ते तू दोन तिकिटं म्हणालास म्हणून.”

तिनं काठवट पुढं ओढली. वांगी ठेचली, त्यात हिरवी मिरची, लसूण, वरून कच्चं तेल. ज्वारी-उडदाच्या कळण्याची एक भाकर मोडली, ताटलीत भरीत घातलं आणि ताटली नानांपुढं सरकवली.

नाना मागं सरले. “मी गंगेला शब्द दिलाय.”

“गंगेला वांगं लागतं का?”

“माय, थट्टा नको. पाप लागेल.”

“लागेल की. पुण्य इतकी वर्षं एकट्यानं मिरवलंस. थोडं पाप पडू दे पदरात.”

“सगळं केलेलं वाया जाईल. काशी, गया... सगळं.”

“जाईल,” माय म्हणाली. “मग?”

नाना ताटलीकडे बघत राहिले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गावात ज्याच्यापुढं लोक चपला काढून उभे राहत. त्यांना आपल्या त्या पाच नावांखेरीज आपल्याजवळ काय आहे ते आठवेना. पाच गावं, पाच वस्तू. आणि प्रत्येक वस्तूखाली आडवा धरलेला एक हात.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. भरताला लावला. तोंडाशी नेला.

मायनं त्यांचं मनगट धरलं. तुकडा काढून घेतला, ताटलीत टाकला आणि ताटली आपल्याकडे ओढली.

“इथं नाही,” ती म्हणाली.

मग उठली, परसात गेली, दोन कच्ची वांगी देठासकट तोडून आणली आणि नानांच्या उपरण्यात बांधली. गाठ चांगली घट्ट मारली.

“मला भाजता येत नाही,” नाना म्हणाले. “कधी चुलीशी बसलोच नाही.”

“करपेल. हात पोळेल. ती हसेल.”

“आणि तिकिटं?”

“ती तुझी तू बघ.”

“मग तू तिला काही सांगणार नाहीस?”

“तिला काय सांगू? तिनं बरोबरच सांगितलंय.”

नाना उठले. पाया पडायला वाकले, तर माय पाय आखडून बसली. ते तसेच वाकलेले राहिले थोडा वेळ, मग सरळ झाले आणि निघाले.

कुंपणापाशी जाऊन थांबले. पाठमोरेच होते.

“माय...”

“बोल.”

“डॉक्टरांनी तिचं मीठही बंद केलंय. परवा म्हणाली, आताशा तोंडाला कशाची चवच लागत नाही. मी भाजलं, पुढ्यात ठेवलं, आणि तिला काही लागलंच नाही तर?”

माय निवत आलेल्या काड्या एका बाजूला सारत होती. तिनं मान वर केली नाही.

“नाही लागलं, तरी तिच्याशेजारी बसायचं. तीर्थ आटलं म्हणून कुणी पायरीवरून उठून येतं का, अंबादास.”